दात माझे, इलाज सासूबाईंचा

"साहेब, जरा तोंड मिटून हसा," असं मला फोटोग्राफर म्हणाला आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

ही १९९८ सालची गोष्ट. त्या वर्षी आमच्या ऑफिसनं मला 'आदर्श कर्मचारी' ठरवलं. ऑफिसचं नाव सांगत नाही, पेन्शन तिथूनच येते. ठरवलं म्हणजे माझी पाळी आली होती. माझ्या आधीचे सगळे आदर्श रिटायर तरी झाले होते किंवा बदली होऊन गेले होते. पण आदर्श तो आदर्श. जिन्याच्या भिंतीवर माझा रंगीत फोटो लागणार होता, तोही साहेबांच्या केबिनकडे जाताना डाव्या हाताला, म्हणजे नाशिक जिल्ह्यातली निम्मी जनता माझ्या समोरून जाणार. मी कडक इस्त्रीचा सफारी घालून एम. जी. रोडवरच्या स्टुडिओत गेलो, मान किंचित तिरकी केली, मोठ्या प्रसन्नपणे हसलो, आणि त्या माणसानं कॅमेऱ्यातून डोकं बाहेर काढून मला तोंड मिटायला सांगितलं.

तोंड मिटून हसणं हा काय प्रकार आहे ते एकदा करून बघा. पोट बिघडलेला माणूस पाहुण्यांसमोर बसल्यावर जसा दिसतो तसा आपण दिसतो. फोटो तसाच आला. मी फोटोग्राफरला सांगितलं, "हा ठेवा. मी दोन महिन्यांत पुन्हा येतो आणि तोंड उघडून हसतो." त्यानं मान हलवली, पण त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही.

घरी येऊन मी आरसा घेऊन सिडकोच्या आमच्या गॅलरीत उन्हाला उभा राहिलो. शेहेचाळीस वर्षांत मी स्वतःचे दात असे कधी पाहिलेच नव्हते. दात असतात, त्यांनी चावायचं असतं, एवढाच आमचा संबंध. पुढचे पिवळे होते. खालचे आतल्या बाजूनं तपकिरी होते. वरच्या दोघांवर तर राखाडी रंगाचा आडवा पट्टा होता, धोतराच्या काठासारखा. मी प्रतिभाला हाक मारली आणि तिला तो पट्टा दाखवला.

"तुम्हाला आज दिसला होय?" ती म्हणाली. "मी वीस वर्षं बघतेय."

हे बोलणं आमच्या वरच्या मजल्यावरच्या सावळीराम काकांनी ऐकलं. काका ओझरच्या विमानाच्या कारखान्यात रंगखात्यात होते. विमानांना रंग देऊन रिटायर झालेला माणूस असल्यामुळे जगातल्या कुठल्याही रंगाबद्दल ते अधिकारानं बोलतात. आमच्या कॉलनीत भिंत, स्कूटर किंवा मुलगी गोरी की सावळी, काहीही असो, काकांचं मत घेतल्याशिवाय पुढं जात नाही. ते चप्पल न घालताच खाली आले, माझ्या तोंडात डोकावले आणि म्हणाले, "काही नाही हो. जुना थर आहे. आधी खरवडायचा. लिंबू आणि मीठ, सकाळ-संध्याकाळ, दाबून."

मी पंधरा दिवस लिंबू आणि मीठ दाबून घासलं. पहिले आठ दिवस दात जरा उजळल्यासारखे वाटले, म्हणजे मला वाटले. नवव्या दिवशी माठातलं पाणी प्यालो आणि डोळ्यांतून पाणी आलं. पुढं तर वाराही सोसेना. स्कूटरवर तोंड उघडलं की झिणझिण्या, त्यामुळे सिग्नलला कुणी ओळखीचं भेटलं तरी मी नुसती मान डोलवायचो. लोक म्हणायला लागले, आदर्श झाल्यापासून हा बोलत नाही.

काकांनी उपाय बदलला. कोळसा. इस्त्रीवाल्याकडून मी दोन खडे आणले, खलबत्त्यात कुटले (प्रतिभानं नंतर तो खलबत्ता माझ्याकडूनच घासून घेतला) आणि घाईघाईत घासून ऑफिसला गेलो. आमचे हेडक्लार्क रावजी यांनी मला दारातच अडवलं. रावजी म्हणजे ऑफिसचं शिस्तखातं. त्यांनी माझ्या ओठांकडे, मग हिरड्यांकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "कारभारी, घरी सगळं ठीक आहे ना? काही खाल्लंबिल्लं नाहीत ना?" माझ्यासाठी पाणी मागवलं, शिपायाला दवाखान्याची रिक्षा बघायला पाठवलं. आदर्श कर्मचाऱ्यानं विष घेतलं ही बातमी दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली. ती खाली आणायला मला सबंध दुपार लागली.

मग मात्र मी ठरवलं, दाताच्या डॉक्टरकडे जायचं. कॉलेज रोडला डॉ. उज्वला म्हणून होत्या, त्यांची मंगळवारी अकराची वेळ मिळाली. संध्याकाळची वेळ हवी असेल तर दीड महिना थांबा म्हणाले. अकरा वाजता जायचं म्हणजे अर्धी रजा आली आणि रजा आली म्हणजे रावजी आले.

आता मला सांगा, शेहेचाळीस वर्षांचा, दोन इन्क्रिमेंट घेतलेला माणूस रजेच्या अर्जावर 'दात पांढरे करणे' असं लिहू शकतो का? ऑफिसनं मला लग्नातल्या करवलीसारखं चिडवलं असतं. मी पेन घेतलं आणि लिहून टाकलं, 'सासूबाईंचे दंतोपचार'.

रावजींनी अर्ज दोनदा वाचला. आमच्या ऑफिसात प्रत्येकाची आत्या निदान दोनदा वारलेली आहे, त्यामुळे नातेवाइकांच्या बाबतीत ते फार सावध असतात. "रजा मंजूर," ते म्हणाले, "पण डॉक्टरचं सर्टिफिकेट पाहिजे. त्यावर पेशंटची सही. सही येत नसेल तर अंगठा. मागं एकानं मेलेल्या काकाचं सर्टिफिकेट आणलं होतं, तेव्हापासून अंगठा."

म्हणजे सासूबाई आणणं आलं.

आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. माझ्या मामींचं नाव नवसाबाई. त्या मखमलाबादला राहतात. मालक गेल्यावर त्यांनी दोन एकरांत मेथी, कोथिंबीर आणि झेंडू पिकवून दोन मुलं मोठी केली आणि दर बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात स्वतः बसून माल विकला. मी त्यांना फार भीत असे. त्या कधी रागावत नसत, हे त्याचं मुख्य कारण. बुधवारी मी बाजार गाठला. मामी मेथीच्या ढिगामागं बसल्या होत्या आणि डाव्या हाताच्या बोटानं दातांना मिसरी लावत होत्या. मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. त्यांच्या गल्लीत प्रत्येक घरात ती भाजतात, आणि नवा माणूस त्या गल्लीत शिरला की ठसका लागून परत फिरतो. मामींचे दात चाळीस वर्षांत काळेभोर झाले होते.

"मामी, दाताचा काही त्रास?" मी विचारलं.

"दाताचा? अजून सुपारी फोडते मी दातानं. का बरं?"

तीन वेळा विषय बदलून शेवटी मला खरं सांगावं लागलं. फोटो, लिंबू, कोळसा, रावजी, अंगठा, सगळं. त्यांनी मध्ये दोन गिऱ्हाइकांना जुड्या दिल्या, एकीशी भावावरून भांडल्या, आणि मग म्हणाल्या, "म्हंजे तुमचं दात दाखवायला माझं तोंड पायजे."

"तसंच काहीसं."

"येते की. जावयाची लाज ती आमची लाज. पण माझ्या तोंडात हात घालायचा नाय कुणी. अंगठा घ्यायचा आन् सोडायचं."

मंगळवारी मी, प्रतिभा आणि मामी, असे तिघं दवाखान्यात हजर झालो. डॉ. उज्वला माझ्या पुतणीच्या वयाच्या होत्या आणि हेडमास्तरीणबाईंसारख्या बघत होत्या. आधी मी खुर्चीत बसलो.

"चहा किती घेता?"

"दोन-तीन."

"सात," मामी कोपऱ्यातून म्हणाल्या. "ऑफिसातलं येगळं."

"तंबाखू?"

"छे. म्हणजे कधीतरी."

"वरल्या खिशात पुडी हाय."

डॉक्टरीणबाईंनी आरसा आणि बारीक टोकाची सळई घेऊन माझ्या तोंडाचा पंचनामा केला. तपकिरी रंग चहा आणि तंबाखूचा. कडेचा पिवळा थर म्हणजे साठलेली किटणं, कारण मी रात्री ब्रश करत नव्हतो. राखाडी पट्टा मात्र वेगळाच निघाला. त्यांनी विचारलं, लहानपणी मोठा ताप आला होता का? आला होता. आम्ही तेव्हा घोटीला होतो, मी तीन वर्षांचा होतो आणि आई सांगायची की महिनाभर औषधाच्या बाटल्या चालू होत्या. "हिरडीच्या आत दात तयार होत असताना त्या काळची काही औषधं घेतली की रंग दातातच बसतो," त्या म्हणाल्या. "तो घासून जात नाही. बाकीचं मी पुढच्या खेपेला साफ करून देते."

मग मी मोठ्या अभिमानानं लिंबाची हकीकत सांगितली. त्यांनी सळई खाली ठेवली.

"लिंबाच्या आंबटानं दाताचं वरचं पांढरं कवच झिजतं. झिजलं की आतला थर दिसतो आणि तो पिवळाच असतो. तुम्ही पंधरा दिवस कष्ट करून दात पिवळे केलेत, काका."

मला दात पिवळे केल्यापेक्षा 'काका' जास्त लागलं. पुढं त्यांनी मला सगळं समजावलं: चहा झाला की चूळ भरायची, रात्री झोपताना मऊ ब्रशनं घासायचं, सहा महिन्यांनी येऊन दात साफ करून घ्यायचे, आणि तंबाखू आजपासून बंद. मी हो हो म्हणालो आणि सर्टिफिकेटचा कागद पुढं केला.

"पेशंटला तपासल्याशिवाय मी सही करत नाही."

मामींनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं. मामी उठल्या, खुर्चीत बसल्या, आणि "नुसतं बघायचं," असं बजावून तोंड उघडलं.

डॉक्टरीणबाई नुसतं बघत होत्या. मग त्यांनी दिवा जवळ ओढला. खालचा ओठ बोटानं उलटा केला, आणि इतका वेळ मला रागावणाऱ्या त्या मुलीचा आवाज एकदम बदलला. ओठाच्या आत, जिथं मिसरीचं बोट रोज दाबलं जात होतं तिथं, पांढरा डाग होता. करंगळीच्या नखाएवढा.

"आजी, इथं दुखतं का?"

"नाय."

"हा कॅन्सर आहे असं मी म्हणत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पण असल्या डागाचा पुढं कॅन्सर होऊ शकतो. तीन आठवडे मिसरी एकदम बंद. एक बोटसुद्धा नाही. तरी डाग राहिला तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल."

प्रतिभानं माझा दंड धरला. मला आठवतंय, त्या वेळी माझ्या हातात ते सर्टिफिकेट होतं आणि रजेच्या अर्जातलं 'सासूबाईंचे दंतोपचार' हे माझं खोटं आता अक्षरशः खरं झालेलं होतं. मला स्वतःची अशी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

मामींनी एकच विचारलं. "सोडली तर जाईल?"

"जाऊ शकतो. नक्की सांगता येत नाही. पण सोडल्याशिवाय नक्की जाणार नाही."

मामींनी कागदावर अंगठा उठवला, बाहेर येऊन कमरेची मिसरीची डबी काढली आणि माझ्या हातात दिली. "ही धरा. रस्त्यात टाकू नका, कुणी उचलंल." मग म्हणाल्या, "तीन आठवडं तुमच्याकडंच राहते. आमच्या गल्लीत वासानंच हात वळायचा. आन् एक सांगते, मी एकली नाय सोडायची. तुमी तंबाखू आन् चहा सोडायचा. बोला."

मी तिथल्या तिथं शब्द दिला. शब्द देताना मी नेहमीच फार चांगला दिसतो.

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात दोन माणसं व्यसन सोडत होती, असं कॉलनीचं मत होतं. खरं म्हणजे एकच सोडत होतं. मी दुसऱ्याच दिवशी ऑफिसबाहेरच्या टपरीवर 'फक्त अर्धा' घेतला. तिसऱ्या दिवशी अर्ध्याचा एक झाला, आणि चौथ्या दिवशी चहाबरोबर पुडी आली. घरी आलो की मी कपाळाला हात लावून पडायचो आणि मला किती त्रास होतोय ते सांगायचो. सावळीराम काका रोज विचारपूस करायला येत आणि माझंच कौतुक करून जात.

मामी काही सांगत नसत. त्यांचं डोकं ठणकत होतं, पोट साफ होत नव्हतं, पहाटे चारला जाग आली की त्या लवंग तोंडात धरून बसायच्या. पण हाताचं काय करायचं? चाळीस वर्षं ते बोट दिवसातून तीनदा काहीतरी घासत होतं. त्यांनी आमच्या घरातली सगळी पितळेची भांडी घासली. मग स्टीलची घासली. ती संपल्यावर देवघरातले देव घासले, मग जिन्याचे कठडे. सहाव्या दिवशी त्या काकांच्या घरी गेल्या आणि त्यांचा जुना बंब मागून आणला. काका म्हणाले, विमानालासुद्धा अशी चकाकी आम्ही कधी आणली नव्हती. दहाव्या दिवसापर्यंत आमच्या बिल्डिंगमध्ये काळं असं काही उरलं नव्हतं, मामींचे आणि माझे दात सोडून. आणि बुधवारी त्या बाजारातही गेल्या. आजूबाजूच्या चार बायका मिसरी लावत होत्या, त्यांच्यामध्ये बसून मेथी विकून आल्या.

अकराव्या दिवशी संध्याकाळी मी गच्चीवर कपडे काढायच्या निमित्तानं गेलो होतो. पुडी फोडली, चुना मळला आणि टाकीमागं उभा राहिलो, तेवढ्यात मामी समोर.

"थुंका," त्या म्हणाल्या.

"काय?"

"थुंका म्हंते."

मी थुंकलो. आता या खाली जाऊन प्रतिभाला सांगणार, ती काकांना सांगणार आणि उद्या सकाळी दूधवाला मला विचारणार, एवढं मी मोजून ठेवलं. मामी टाकीच्या कट्ट्यावर बसल्या. मला म्हणाल्या, बसा.

"मला बी लय आठवण येती," त्या म्हणाल्या. "उठलं की बोट आपसूक तोंडाकडं जातं. मालक गेले तवा दोन दिस जेवले नव्हते मी, पण मिसरी लावली व्हती. तीच संगं व्हती."

"मग कशा राहता हो मामी?" मी खरंच विचारलं. मला वाटलं, काहीतरी युक्ती असेल, एखादं औषध, नवस, काहीतरी.

"कशा म्हंजे? नाय लावत."

एवढंच. मी शिकलेला माणूस, आदर्श कर्मचारी, माझ्याकडे तंबाखू न सोडण्याची सतरा कारणं तयार होती. या बाईला सोडण्याचं एकही कारण मागायची सवय नव्हती. मी खिशातली पुडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती टाकीमागच्या कुंडीत पुरली आणि वर पाणी ओतलं. खाली जाऊन त्या कुणाला काही बोलल्या नाहीत, आजपर्यंत नाही. तंबाखू माझी त्या दिवशी सुटली. चहाचं म्हणाल तर मी तीन कपांवर आलो, आणि चूळ भरतो.

तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो. माझे दात साफ झाले, पट्टा तेवढा राहिला. मामींचा डाग निम्मा झाला होता, फिकट पडला होता. डॉक्टरीणबाईंनी आणखी तीन आठवडे दिले. मामी म्हणाल्या, द्या. त्या मखमलाबादला, त्याच गल्लीत, त्याच वासात परत गेल्या, कारण झेंडू तोडायला आला होता. प्रतिभा रोज संध्याकाळी मामींच्या शेजारच्यांकडे फोन करायची आणि एकच प्रश्न विचारायची. उत्तरही रोज एकच असायचं. मध्ये माझा फोटो ऑफिसच्या भिंतीवर लागून गेला, तोंड मिटलेलाच. रावजी म्हणाले, गंभीर दिसताय, शोभतं. मी दुसरा फोटो काढायला गेलो नाही. माझं लक्षच नव्हतं.

सहाव्या आठवड्यात, मंगळवारी अकरा वाजता, डॉ. उज्वलांनी मामींचा ओठ उलटा केला आणि दिवा जवळ ओढला. त्या फार वेळ बघत होत्या. प्रतिभानं डोळे मिटून घेतले होते. मी भिंतीवरचं दाताचं चित्र वाचत होतो आणि त्यातलं एक अक्षर मला लागत नव्हतं.

"गेला," त्या म्हणाल्या. "आजी, डाग गेला. पूर्ण गेला. तुकडा काढायची गरज नाही. फक्त दर सहा महिन्यांनी मला दाखवायचं."

प्रतिभा रडायला लागली. डॉक्टरीणबाईंनी मग त्याच बैठकीत मामींचे दात साफ केले. तास लागला. काळा थर निघत गेला आणि आतून एकेक दात असा निघाला, सुपारी फोडणारा, सरळ, पांढरा. चूळ भरून मामींनी जीभ फिरवली, आरशात बघितलं, आणि गंभीरपणे विचारलं, "म्हंजे आता थोडी लावायला हरकत नाय?"

डॉक्टरीणबाईंचं तोंड उघडं राहिलं. मग मामी हसल्या. एरवी त्या हसताना तोंडावर पदर धरायच्या, त्या दिवशी धरला नाही. डोकं मागं टाकून, सगळे दात दाखवून, पोटातून हसल्या. मी बघतच राहिलो. ते प्रतिभाचं हसणं होतं, अगदी तेच. ज्या हसण्यावर भाळून मी वीस वर्षांपूर्वी तिला हो म्हणालो होतो, ते कुठून आलं ते मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. ते इतकी वर्षं पदरामागं होतं.

बाहेर बाकांवर आठ-दहा माणसं बसली होती. त्यांतला एक तर आमच्या ऑफिसातला होता. मी तिथंच, सगळ्यांच्या देखत, वाकून मामींच्या पाया पडलो.

"आवं, उठा," मामी म्हणाल्या. "लोकं बघत्यात."

"बघू देत," मी म्हणालो.